गाणं तेच, गळा दुसरा

पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम १९७३ साली आला. त्यातली गाणी आज नव्यानं कोणी, कशी गावीत, याचे बेत चाहते अजूनही आखत असतात. गाडी अडते ती ‘द ग्रेट गिग इन द स्काय’पाशी. त्यात गायला शब्दच नाहीत. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत क्लेअर टोरी यांनी ३० पौंडांच्या मानधनावर, सुचेल तसं नुसत्या स्वरांत ते गायलं. पुढे त्यांनी दावा लावला. २००५मध्ये तडजोड झाली आणि रचनाकार म्हणून त्यांचंही नाव लागलं. मग नव्या गायिकेनं त्यांची प्रत्येक जागा गिरवायची, की स्वतःचं काही सुचवायचं?

ईझी स्टार ऑल-स्टार्सनी २००३मध्ये अख्खा अल्बम रेगेच्या ठेक्यावर नेला. २०२३मध्ये खुद्द रॉजर वॉटर्स यांनी तो पुन्हा केला, गिटारचे सोलो गाळले आणि या गाण्यात चक्क बोलणं घातलं. काहींना ते मुळीच रुचलं नाही. एकच बंदिश दहा गळ्यांतून ऐकायची सवय असलेल्या आम्हाला मात्र ते धाडस आवडलं. टोरींची नक्कल कशाला? त्यासाठी मूळ रेकॉर्ड आहेच.