चाकांवरचे घर आणि मुलांची शाळा



मोटारीतच संसार थाटून मुलाबाळांसह वर्षभर फिरणारी अमेरिकेतील कुटुंबे आता आपल्या मोबाइलवरही दिसू लागली आहेत. समाजातील काही घरांतली मुले-सुना तिकडे आहेत. सुट्टीत अशी गाडी भाड्याने घेऊन काढलेले त्यांचे फोटो आपल्या ग्रुपवर येतात. ते पाहून दोन-तीन जणांनी मला विचारले, "या लोकांच्या मुलांच्या शाळेचे काय?"

प्रश्न चांगला आहे. पण तो आपल्या दारातही उभा आहे. दिवाळी आटोपली की धूलकोट परिसरातील कितीतरी बारेला, भिलाला कुटुंबे कच्च्याबच्च्यांसह ऊसतोडणीसाठी महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि होळीच्या सुमारास किंवा त्यानंतर परततात. त्यांच्या मुलांच्या शाळेचे काय, हे आपण फारसे विचारत नाही. म्हणून दोन्हींची माहिती येथे एकत्र देत आहे.

तिकडचे चाकांवरचे घर

अशा गाडीला तिकडे आरव्ही म्हणतात. 'रिक्रिएशनल व्हेइकल' याचे ते लघुरूप. तिचे दोन मुख्य प्रकार. एकात इंजिन व घर एकाच गाडीत असते, दुसऱ्यात घराचा डबा वेगळा असून तो मोठ्या मोटारीमागे जोडून ओढतात. आत झोपायची जागा, ओटा, फ्रीज, लहानसे न्हाणीघर असते. गाडीखाली बहुधा तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी आंघोळ-भांड्यांच्या सांडपाण्याची आणि तिसरी संडासाची. पहिली भरायची आणि उरलेल्या दोन ठरलेल्या जागी रिकाम्या करायच्या, हे त्या संसारातले नित्याचे काम.

खरी सोय मात्र गाडीत नसून गाडी उभी करण्याच्या जागेत असते. त्या जागेला कॅम्पग्राउंड म्हणतात. केओए ही अशा जागांची प्रसिद्ध साखळी १९६२ मध्ये मोंटाना राज्यातील बिलिंग्ज येथे सुरू झाली. चांगल्या कॅम्पग्राउंडवर प्रत्येक गाडीला विजेची जोडणी, पाण्याचा नळ आणि मैलापाण्याचा पाइप मिळतो. शिवाय सामाईक न्हाणीघरे, कपडे धुण्याची यंत्रे आणि मुलांना खेळायला मैदान असते. भाडे भरले की रात्रीपुरते का होईना, घर स्थिर होते.

शाळेचे उत्तर असे, की अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत मुलांना घरी शिकवणे कायदेशीर आहे. नियम मात्र राज्यागणिक बदलतात. कायम फिरणारी कुटुंबे एखाद्या राज्यात कागदोपत्री पत्ता ठेवतात. साउथ डकोटा, टेक्सास आणि फ्लोरिडा ही त्यासाठी पसंतीची राज्ये. टपाल तिथे येते, परवाना तिथला असतो आणि मुलांच्या शिक्षणाला त्याच राज्याचा नियम बहुधा लागू होतो. म्हणजे चाके फिरत असली, तरी कागद एका जागी पक्का असतो.

तिकडेही सगळी हौसच असते असे नाही. २००८ च्या मंदीनंतर अनेक वयस्क माणसे घरभाडे परवडेना म्हणून गाडीत राहू लागली. जेसिका ब्रूडर यांनी त्यांच्यावर 'नोमॅडलँड' हे पुस्तक २०१७ मध्ये लिहिले. त्यावरील चित्रपटाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. ही माणसे हंगामी कामे करत फिरतात. त्यांतले एक काम आपल्याला जवळचे वाटेल. मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या राज्यांच्या सीमेवर रेड नदीच्या खोऱ्यात साखरेच्या बीटची काढणी ऑक्टोबरच्या सुरुवातीला होते. तिथला अमेरिकन क्रिस्टल शुगर हा कारखाना १९७३ पासून शेतकऱ्यांच्याच सहकारी मालकीचा आहे. काढणीच्या साधारण दोन आठवड्यांसाठी आरव्हीवाले तिथे येतात आणि त्यांना गाडी लावायला वीज-पाण्याची जागा पुरवली जाते.

पीक वेगळे, पण साखर तीच, कारखाना सहकारी आणि कामगार बिऱ्हाड घेऊन आलेला. आता आपल्या बाजूला या.

आपल्याकडचे फडावरचे घर

महाराष्ट्रातील पहिला सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साह्याने प्रवरानगर येथे उभा केला. १९५०-५१ हा त्याचा पहिला गळीत हंगाम. पुढे कारखाने वाढले आणि तोडणीला माणसे कमी पडू लागली. ती बीड, अहमदनगर अशा कोरडवाहू भागांतून आली आणि सातपुड्यातून, आपल्या निमाडातूनही गेली. आपल्या बुऱ्हाणपूरलाही नवलसिंह सहकारी साखर कारखाना आहे, त्यामुळे ऊस आपल्याला नवा नाही. पण सहा महिने घर सोडून ऊस तोडणे काय असते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असेल.

तोडलेला ऊस लवकर गाळपाला गेला नाही, तर त्याचे वजन आणि साखर दोन्ही घटते. म्हणून तोड, भरणी व वाहतूक रात्रंदिवस चालते. तोडणाऱ्याला फडाच्या किंवा कारखान्याच्या जवळच राहावे लागते. हे या स्थलांतराचे मूळ कारण. हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे शाळेच्या वर्षातला मोठा भाग, आणि परीक्षाही बहुधा त्यातच.

नवरा-बायकोच्या जोडीला या धंद्यात 'एक कोयता' म्हणतात आणि एकट्या माणसाला 'अर्धा कोयता'. या हिशेबात मूल कुठेच नाही, पण ते तिथे असतेच. पहाटे आई-बाप फडात गेले, की कोपीवर आठ-नऊ वर्षांची बहीण धाकट्याला सांभाळते. थोडा मोठा मुलगा मोळ्या बांधायला आणि वाढे गोळा करायला हाताशी येतो.

कोपी म्हणजे बांबूच्या कामट्या वाकवून त्यावर चटई किंवा ताडपत्री टाकलेली झोपडी. बीडकडची माणसे बैलांची टायरगाडी घेऊन जातात, त्यामुळे त्यांचे बिऱ्हाड खरोखरच चाकांवर असते. आपल्या भागातील कुटुंबे बहुधा ट्रकने किंवा पिकअपने जातात. घरातून बरोबर जाते ते धान्य, भांडी, अंथरूण आणि कोंबड्या. पोचल्यावर वीज, नळ आणि संडास या तीन गोष्टी मिळतीलच, याची खात्री नसते. तिकडच्या कॅम्पग्राउंडवर ज्या तीन गोष्टींचे भाडे घेतात, नेमक्या त्याच या.

उचलीचा हिशेब

"इतका त्रास आहे, तर जातात कशाला?" असे विचारणाऱ्यांसाठी थोडे आकडे मांडतो. आयुष्य कर्जखाती तपासण्यात गेले, त्यामुळे ही गोष्ट मला आकड्यांतूनच लवकर कळते.

पावसाळ्यात घरात पैसा नसतो. तेव्हा मुकादम आगाऊ रक्कम देतो, तिला उचल म्हणतात. ती हंगामात तोडीच्या कामातून फेडायची. महाराष्ट्रात जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ व कामगार संघटना यांच्यात करार होऊन तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. आता एका जोडीने १,००,००० रुपये उचल घेतली असे समजू. ती फेडायला सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागेल. जोडीने रोज दोन टन तोडला, तर १३७ दिवस लागतात. रोज दीड टनच झाला, तर १८२ दिवस. हंगाम मात्र जेमतेम पाच-सहा महिन्यांचा. त्यात आजारपण आले, बाळंतपण आले, पावसाने फड बंद राहिला. आठवडी बाजारासाठी मुकादमाकडून घेतलेले पैसेही याच खात्यावर चढतात, आणि कामावर न गेल्यास खाड्याचा दंड लागतो. बाकी राहिली की पुढच्या हंगामाला जाणे आलेच.

या हिशेबावरून मूल कोपीवर का राहते, तेही समजते. लहानग्याला सांभाळायला मोठी मुलगी नसेल, तर आई फडात जाऊ शकत नाही. मग कोयता अर्धा होतो आणि फेड लांबते. त्या मुलीची शाळा अशी उचलीत जाते, आणि ती नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

बँकेच्या कर्जाला करारनामा असतो, खातेउतारा असतो, आणि फेड झाल्यावर 'येणे बाकी नाही' असा दाखला मिळतो. उचलीला यातले बहुधा काहीच नसते. वास्तविक १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराने प्रत्येक कामगाराला फोटोसह पासबुक द्यावे, त्यात कामाचे ठिकाण, मुदत, मजुरीचा दर आणि कपात लिहावी, अशी तरतूद होती. कर्जापोटी माणसाला कामावर अडकवून ठेवणे तर १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हाच आहे.

मुलांसाठी काय केले गेले

या प्रश्नावर महाराष्ट्रात बरेच काम झाले आहे. कारखान्याच्या तळावर हंगामापुरत्या चालणाऱ्या शाळांना 'साखरशाळा' म्हणतात. औरंगाबादच्या जनार्थ या संस्थेने २००० नंतरच्या दशकात अशा शाळा अनेक कारखान्यांवर चालवल्या. दुसरा मार्ग हंगामी वसतिगृहांचा. आई-बाप जातात, मूल गावीच आजी किंवा नातेवाइकांकडे राहते आणि त्याच्या जेवणाची सोय शाळेत होते. मला हा दुसरा मार्ग अधिक बरा वाटतो, कारण यात मुलाची शाळा, भाषा आणि हजेरी काहीच तुटत नाही. २०२१ पासून संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजनाही सुरू झाली. ती ऊसतोड कामगारांची संख्या जास्त असलेल्या महाराष्ट्रातील तालुक्यांसाठी आहे. धूलकोटचे मूल त्या नकाशात येत नाही. त्याला आधार आहे तो देशभर लागू असलेल्या कायद्याचा.

हा कायदा म्हणजे २००९ चा शिक्षण हक्क कायदा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलासाठी त्यातील तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, दुसऱ्या राज्यातही शासकीय शाळेत बदलून जाण्याचा त्याला हक्क आहे. दुसरी, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. तिसरी, मूल मागे पडले असेल, तरी त्याला वयाप्रमाणे वर्गात घ्यायचे आणि भरून काढण्यासाठी विशेष शिकवणी द्यायची.

निघण्यापूर्वीची शिदोरी

आपल्या शेतावर, दुकानात किंवा ओळखीत असे कुटुंब असेल, तर निघण्यापूर्वी एवढे बघून द्यावे:

- मूल मागे राहू शकत असेल, तर कोणाकडे राहणार ते शाळेत सांगावे. आदिवासी छात्रावासात जागा आहे का, ते सत्राच्या सुरुवातीलाच विचारावे. दिवाळीत विचारून उशीर होतो.
- मूल बरोबर जाणार असेल, तर शाळेचा दाखला, गुणपत्रक, समग्र आयडी आणि यू-डायसवरील पेन क्रमांक एका कागदावर लिहून द्यावा. झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत बांधून द्यावी, कोपीत ओल असते.
- धाकट्यांच्या लसीकरणाचे कार्ड सोबत असावे. तिकडच्या आंगणवाडीत नाव सांगायला ते उपयोगी पडते.
- 'एक देश, एक रेशनकार्ड' योजना जून २०२२ पासून सर्व राज्यांत आहे. आधार जोडलेले असेल, तर तिकडच्या दुकानातून धान्य घेता येते आणि घरी राहिलेली आजी आपला वाटा इथे घेऊ शकते.
- उचलीची रक्कम, तारीख, ठरलेला दर आणि मुकादमाचा फोन वहीत लिहून ठेवावा. रोजचा टनेज मोबाइलवर टिपायला घरातल्या एखाद्याला शिकवावे.
- संकटात सापडलेल्या मुलासाठी १०९८ हा क्रमांक देशभर चालतो. तो पाठ करून घ्यावा.

आपल्या मंडळाला काय करता येईल

या मुलांची एक अडचण अशी आहे, की ती सोडवायला आपल्याइतके योग्य लोक दुसरे नाहीत. घरी ती बारेली बोलतात, शाळेत हिंदी शिकतात आणि महाराष्ट्रात गेल्यावर शिक्षक मराठीतून बोलतो. लिपी एकच असल्याने मूल अक्षरे वाचते, पण अर्थ लागत नाही. तिसरीच्या गणिताचेच बघा. इकडे 'जोड' आणि 'घटाना', तिकडे 'बेरीज' आणि 'वजाबाकी'. इकडे 'पहाड़ा', तिकडे 'पाढा'. सर्वात अवघड शब्द 'शिक्षा'. हिंदीत ते शिक्षण, मराठीत दंड. नव्या वर्गात पहिल्या दिवशी हा शब्द ऐकून मूल गोंधळले, तर त्याचा दोष नाही.

आपण पिढ्यान् पिढ्या या दोन भाषांत वावरत आलो आहोत. घरात मराठी, बाजारात आणि कचेरीत हिंदी. तेव्हा वर्गात लागणारे दोनशे-अडीचशे शब्द दोन्ही भाषांत समोरासमोर छापून एक चौपानी पुस्तिका करावी आणि दसऱ्याआधी परिसरातील शाळांत द्यावी, असा माझा प्रस्ताव आहे. आपल्यात निवृत्त शिक्षक-शिक्षिका पुष्कळ आहेत. त्यांनी शब्द निवडावेत. बारेली शब्द गावातील जाणत्यांना विचारून घालावेत. छपाईचा खर्च आपल्या एखाद्या हळदी-कुंकवाच्या कार्यक्रमापेक्षा जास्त येणार नाही. त्याचा अंदाज मी काढून ठेवतो.

ज्यांना या कामात भाग घ्यायचा आहे, त्यांनी येत्या मासिक बैठकीत नावे द्यावीत. दिवाळीनंतर ट्रक निघतात. त्याच्या आत पुस्तिका मुलांच्या पिशवीत पडली, तरच तिचा उपयोग.