बेळगावच्या शेवटी घुबड कुठून आलं?

इजिप्तवरची मुलांची पुस्तकं आता नुसती वाचायची राहिलेली नाहीत. २००४ साली निघालेलं ‘इजिप्टॉलॉजी’ हे इंग्रजी पुस्तक बघा. त्यात ममीच्या कापडासारखा तुकडा चाचपायला मिळतो, सेनेट हा पटावरचा खेळ मिळतो आणि चित्रलिपीची एक छोटी पुस्तिकाही. मुलं तुटून पडतात ती लिपीवर. आपलं नाव लिहायचं असतं ना!

गफलत तिथंच होते. असल्या पुस्तकांतले तक्ते बहुधा ए-बी-सी-डीप्रमाणे लावलेले असतात. आमच्या घरातल्या पोरानं इंग्रजी स्पेलिंग धरून ‘बेळगाव’ लिहिलं, तर शेवटी घुबड आलं. घुबड म्हणजे ‘म’. बेळगावात ‘म’ कुठाय? तो इंग्रजी स्पेलिंगचा.

इजिप्ती लिपी स्पेलिंगवर नाही, आवाजावर चालते, आणि लिहिते मुख्यतः व्यंजनं. म्हणून आधी तोंडानं म्हणा, मग चित्रं मांडा. ब म्हणजे पाऊल, ग म्हणजे घडवंची, व साठी लावा पक्ष्याचं पिल्लू. ळ त्यांच्याकडं नाही, ‘ल’ सिंहावर भागवायचा. हा सिंह मोठा मानकरी. टॉलेमी आणि क्लिओपात्रा या दोन्ही नावांत तो आहे, आणि शांपोलियोंनं १८२२ साली लिपी उलगडली तेव्हा अशा नावांचाच मोठा आधार होता.

स्वर गळाल्यामुळं एक गंमत होते: बेळगाव लिहा की बेळगावी, चित्रं तीच चार. आमच्या भागात एवढ्यावर एकमत होणं थोडं नव्हे.

निपाणी तर त्याहून सोपी. ‘न’ची खूण पाण्याची लाट, ‘प’ची छोटा चौकोन, म्हणजे बसायचं आसन. ण नाही, म्हणून पुन्हा लाट. लाट, आसन, लाट. नावातलं पाणी आपोआप आलं! अर्थात हा योगायोग, मुलांना तसं सांगावं. आणि सिंहाचं तोंड जिकडं, तिकडून वाचायला सुरुवात, हेही सांगावं.

आमच्याकडची पोरं देवनागरी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांच्या पाट्या वाचत शाळेला जातात. आवाज आणि खूण वेगळी असते हे त्यांना शिकवावं लागत नाही, फक्त तक्ता मराठी उच्चारांचा हवा. तो हातानं करायला एक दुपार पुरते.

त्याच कागदाच्या मागं ब्राह्मी लिहून घ्या. वडगाव-माधवपूरला सातवाहनकालीन वस्ती सापडली, त्या काळची आपल्याकडची लिपी ही. तिच्यात ‘न’ म्हणजे उलटा इंग्रजी टी, ‘प’ला आकड्यासारखी वळण, ‘ण’ वेगळा, आणि वेलांट्याही लागतात. निपाणी अख्खी लिहिता येते.