मेंढपाळाचा पत्ता कोणता?

संशोधन आराखड्यात ‘अभ्यासक्षेत्र’ लिहिताना आपण पटकन एका गावाचं नाव टाकतो. पण लोकच फिरते असतील तर?

फलटण-बारामतीकडचे हटकर धनगर घ्या. दिवाळीच्या आसपास मेंढ्या, घोडी, बिऱ्हाड घेऊन ते निघतात. काही वाडे, म्हणजे त्यांचे तळ, घाट उतरून कोकणात येतात. कापलेल्या भातशेतात मेंढ्या बसवायच्या: शेतकऱ्याला लेंडीखत, धनगराला धान्य किंवा पैसे. चारा संपला की वाडा पुढे. कोकणचा पाऊस मेंढीला सोसत नाही, म्हणून पावसाआधी परत.

आता २०११ ची जनगणना बघा. मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी. तो पूर्ण काळ बाहेर असलेल्याला घरी मोजायचं नाही, हा नियम. बेघरांची मोजणी २८ च्या रात्री. म्हणजे तेव्हा वाडा कोकणात असेल तर माणूस गावाच्या यादीत येत नाही. तळावर प्रगणक पोचला नाही तर कुठेच येत नाही.

आणि वैभववाडीच्या डोंगरात भेटणारे, म्हशी पाळणारे गवळी धनगर वेगळे. त्यांच्याबद्दल गाडगीळ-मल्होत्रांचा १९८२ चा शोधनिबंध वाचा.

तेव्हा आराखड्यात गावासोबत महिना आणि वाटही लिहा. नमुना घरांचा नको, वाड्यांचा घ्या.