पहिल्या कप्तानाचे वारस

पहाटे साडेपाच

शिलालेख वाचायचा तर सूर्य उगवतानाच. ऊन डोक्यावर आलं की दगडावरची अक्षरं मिटून जातात. तिरक्या उजेडात मात्र झिजलेल्या अक्षराच्याही कडेला बारीक सावली धरते. म्हणून घरात चहा व्हायच्या आधीच मी पापडीहून स्कूटर काढते आणि वसईच्या किल्ल्यात पोचते. सोबत मऊ ब्रश, विजेरी, मोजपट्टी आणि वही. खडू कधीच नेत नाही. खडू फिरवला की अक्षर उठून दिसतं खरं, पण आपल्या मनात असतं तेच दिसतं, आणि दगडाचं नुकसान होतं ते वेगळंच.

फ्रान्सिस्कनांच्या चर्चला आता छप्पर नाही. खाली जमिनीत थडग्यांच्या शिळा आहेत. या शिळांवरचा मजकूर बहुतेक एकाच साच्यातला: आधी मोठा ‘एस’ आणि त्याच्या डोक्यावर बारीक ‘ए’, म्हणजे ‘सेपुल्तुरा’, थडगं. मग नाव, कुठे हुद्दा, कुठे बायकोचं नाव, आणि शेवटी ‘ए दे सेउस एर्देइरोस’, ‘व त्याच्या वारसांचं’. घराण्याचा माग काढणाऱ्याला हे शेवटचे शब्द फार मोलाचे. थडगं एका माणसासाठी घेतलेलं नाही. पुढच्या पिढ्या इथेच जगतील, इथेच मरतील असं धरून घेतलेलं आहे. वसईत कायमचं राहायला आलेल्या माणसाची ही भाषा आहे. आज एका शिळेवरच्या ढालीचं चिन्ह मोजून घेतलं. वरचा डावा कोपरा फुटलाय, पण खालच्या पट्ट्या स्पष्ट आहेत. नावाची ओळ पायांनी झिजून गेली असली, तरी चिन्हावरून घराणं सापडू शकतं.

सात

बालेकिल्ल्याकडे. आज ज्याच्या कुटुंबाचं काम हाती आहे, तो गार्सिया द सा वसईचा पहिला कप्तान. गुजरातच्या बहादूरशाहाने डिसेंबर १५३४ मध्ये तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. गव्हर्नर नुनो दा कुन्याच्या हुकमावरून १५३६ साली पहिल्या कप्तानाने, गार्सिया द साने, हा कोट बांधला, असा इथला लेख जे. जेर्सन दा कुन्या यांनी १८७६ च्या आपल्या पुस्तकात नोंदवला आहे. त्यानंतर ब्राझ फर्नांडिस यांनी किल्ल्यातली राजचिन्हं आणि लेख एकत्र करून १९५७ साली लिस्बनमधून पुस्तक काढलं. ही दोन पुस्तकं नसती, तर गेल्या दीडशे वर्षांत जे दगड हलले, फुटले किंवा झिजले, त्यांच्याबरोबर कितीतरी घराणी पुसली गेली असती. या दोघांचे वसईवर उपकार आहेत आणि वसईच्या शाळांतून त्यांची नावं मुलांना सांगितली गेली पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं.

नऊ

घरी. भाकरी, सुकट, आणि मग टेबल.

कप्तानाची लष्करी कारकीर्द सहज सापडते. सरकारी कागद तिच्याच भोवती लिहिलेले असतात. १५४८ मध्ये जुआंव द कास्त्रो वारल्यावर गार्सिया द सा हिंदुस्थानातल्या पोर्तुगीज राज्याचा गव्हर्नर झाला, आणि पुढच्याच वर्षी मेला. कुटुंब शोधायचं तर बायकांकडे जावं लागतं. कातारीना आ पिरो ही त्याची बायको. त्यांचं लग्न फार उशिरा, तिच्या अखेरच्या आजारात लागलं आणि ते खुद्द फ्रान्सिस झेव्हियर यांनी लावलं, असं सांगतात. जुन्या गोव्यात रोझरीच्या चर्चमध्ये तिची कोरीव समाधी आहे. गोव्याला जाणाऱ्या प्रत्येकाला मी ती बघायला सांगते, कारण त्या कोरीवकामात पोर्तुगालपेक्षा गुजरातच जास्त दिसतो.

त्यांना दोन मुली. थोरली कोण, धाकटी कोण, यात मी पडत नाही. जुआना नोरोन्या घराण्यात दिली. दुसरी लिओनोर. तिचा नवरा मानुएल द सौझा सेपुल्वेदा. १५५२ मध्ये मुलाबाळांना घेऊन हे दोघं कोचीनहून ‘सांव जुआंव’ जहाजाने पोर्तुगालला निघाले आणि जूनमध्ये जहाज आफ्रिकेच्या नाताळच्या किनाऱ्यावर फुटलं. वाचलेली माणसं पायी उत्तरेकडे निघाली. वाटेत उपासमार झाली, लुटालूट झाली. अंगावरचे कपडेसुद्धा गेले तेव्हा लिओनोरने स्वतःला कमरेपर्यंत वाळूत पुरून घेतलं, आणि तिथेच ती गेली. मुलंही गेली. सेपुल्वेदा रानात शिरला तो परत आला नाही. पोर्तुगीज कवी कामोइंशने आपल्या महाकाव्यात या दोघांचं मरण घेतलं आहे. वंशावळीच्या कागदावर मात्र लिओनोरच्या नावाखाली एक आडवी रेघ येते, एवढंच. ती रेघ मारताना माझा हात दर वेळी थांबतो. वसईचा कोट बांधणाऱ्याची ही मुलगी, आणि वसईत तिची आठवण कुठेच नाही.

बारा

गार्सिया द सा बडा माणूस. त्याच्या मागून आलेले साधे शिपाई, लग्न करून इथेच राहिलेले ‘कासादो’, त्यांचं काय? सरकारकडून त्यांना गावं खंडाने मिळत, पुष्कळदा तीन पिढ्यांच्या बोलीने; बदल्यात घोडा आणि बंदूकधारी माणसं बाळगायची, हल्ला झाला की हजर व्हायचं. शेतजमीन आणि शिपाईगिरी एकाच कागदावर. गाव मुलीच्या आंदणातही जाई. त्यामुळे एकच गाव दर पिढीला वेगळ्या आडनावाखाली दिसतं, आणि फक्त आडनाव धरून शोधणारा तिथेच वाट चुकतो. वसईच्या अमलाखालच्या मुंबई बेटाचंच पाहा. आधी वैद्य गार्सिया द ओर्ताकडे, आणि १६६५ च्या १८ फेब्रुवारीला इंग्रजांना ताबा दिला तेव्हा दोम रोद्रिगो द मोन्सांतोची विधवा, दोना इनेस द मिरांडा हिच्याकडे. ताब्याचे कागद झाले तेही तिच्याच घरात.

तीन

चर्चच्या कार्यालयात बाप्तिस्म्याच्या वह्या. कॉलेजातला एक मुलगा आजोबांची नोंद काढायला आला होता. बोलता बोलता म्हणाला, “मॅडम, आमचं आडनाव लोपीस. म्हणजे आम्ही मुळात पोर्तुगीज का?”

हा प्रश्न मला नेहमी येतो आणि मी तो कधी हसण्यावारी नेत नाही. त्याच्यासमोर वही उघडून धर्ममातापित्यांचा रकाना दाखवला. सामवेदी, वाडवळ, कोळी, भंडारी अशा इथल्याच घरांनी सोळाव्या शतकापासून बाप्तिस्मा घेतला आणि आडनाव बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालं. कधी धर्मपित्याचं, कधी पाद्रीबाबांचं. आडनावावरून रक्त ठरत नाही. घराणं शोधायचं तर गावात घराला काय म्हणतात, शेताचं नाव काय, आजी कुठल्या गावची, हे विचारायचं. “आजी आहे ना अजून? मग आज संध्याकाळीच बस तिच्यापाशी. वही घेऊन बस.”

उलटी बाजूही खरी. संत गोन्सालो गार्सिया वसईचे. वडील पोर्तुगीज, आई इथली. १५९७ साली नागासाकीला क्रुसावर गेले, १८६२ मध्ये संतपद मिळालं. मुलाचं नाव जगभर गेलं, वसईतल्या कॉलेजलाही आहे. त्या आईचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. किल्ल्यातल्या शिपायांच्या घरांत अशा किती आया असतील! वंशावळीचं निम्मं पान त्यांचं असतं आणि तेच कोरं राहतं.

सात

१७३९, मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली ते साल. पेशवे दप्तराचा सोळावा खंड, वसईच्या मोहिमेचा. इथे तारखा जुळवायला फार जपावं लागतं. तहाची तारीख आपल्या बऱ्याच पुस्तकांत ५ मे, पोर्तुगीज कागदांत १६ मे. दोन्ही बरोबर. इंग्रजी जुन्या पंचांगात आणि नव्यात अकरा दिवसांचं अंतर होतं. म्हणून १२ मेला मराठ्यांनी ताबा घेतला आणि २३ मेला पोर्तुगीज बाहेर पडले, ही एकाच दिवसाची गोष्ट. हे ध्यानात न घेता एखाद्याचा मृत्यू नोंदवला, तर तो वेढ्यात पडला की वेढ्यानंतर वारला, हेच बदलून जातं. तहाने फौजेला मानाने जायची मोकळीक दिली, आणि जे राहतील त्यांना आपला धर्म पाळायची. म्हणजे घराणी त्या एका आठवड्यात फुटली: काही जहाजात बसली, काही राहिली.

साडेनऊ

पणजीच्या पुराभिलेखागाराला पत्र लिहिलं. पावसाळी वाऱ्यांवर जाणाऱ्या आरमाराबरोबर लिस्बनशी जो पत्रव्यवहार चाले, त्याचे ‘मोन्सोएन्स’ खंड तिथे आहेत. त्यांतली १७३९ ते १७४२ ची सूची मागितली आहे. ज्यांची गावं गेली त्यांनी राजाकडे अर्ज केले असणार, आणि अर्जात माणूस आपल्या बापाचं, आजाचं आणि त्यांच्या चाकरीचं नाव घालतोच. ढालीच्या चिन्हाचं रेखाचित्र सोबत जोडलं, आणि फुटलेला कोपरा तसाच फुटका काढला.