बास्क भाषेत 'खातोय' कसं म्हणतात?

बास्क भाषेविषयीचा सर्वांत जुना गैरसमज म्हणजे ती शिकणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. सैतान ती सात वर्षं शिकत होता आणि त्याला 'हो' आणि 'नाही' एवढंच आलं, अशी लोककथाच आहे. या समजुतीला मानुएल दे लारामेंदी या जेझुइट पंडिताने 1729 मध्ये आपल्या व्याकरणग्रंथाच्या नावातच उत्तर दिलं होतं. त्या नावाचा अर्थ 'अशक्यावर मात' असा. पिरेनीज पर्वतरांगेच्या पश्चिम टोकाला, स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना सात-आठ लाख माणसं ही भाषा बोलतात. जगातल्या कुठल्याही जिवंत भाषेशी तिचं नातं सिद्ध झालेलं नाही, हे खरं. पण नातेवाईक नाहीत म्हणून नियमही नाहीत, असं मुळीच नाही. चालू असलेली क्रिया ही भाषा कशी सांगते, एवढंच नीट पाहिलं तरी ते कळतं.

पहिली ठेच वर्तमानकाळातच लागते. 'यातेन दुत' हे रूप पाहून अनेकांना वाटतं की याचा अर्थ 'मी खातोय'. तसं नाही. त्याचा अर्थ 'मी खातो', म्हणजे एरवी, नेहमी खातो. घास तोंडात असताना बास्क माणूस 'यातेन आरि नाइस' म्हणतो. मराठीत 'मी मासे खातो' आणि 'मी मासे खातोय' यांत जो फरक आहे, तोच हा. अपवाद पाहणं, ऐकणं अशा क्रियापदांचा. 'इकुस्तेन दुत' म्हणजे 'मला दिसतंय', अगदी या क्षणी; तिथे 'आरि'ची गरज पडत नाही.

आता 'आरि' हे प्रकरण काय आहे? ते क्रियापदाला जोडायचं एखादं शेपूट आहे असं समजलं जातं, आणि पुढचा सगळा गोंधळ या समजुतीतूनच निघतो. 'आरि इसान' हे स्वतंत्र क्रियापद आहे. त्याचा अर्थ 'एखाद्या गोष्टीत गुंतलेलं असणं'. कशात गुंतलोय ते सप्तमीसारख्या विभक्तीत येतं. 'लान' म्हणजे काम, 'लानेआन' म्हणजे कामात. 'लानेआन आरि दा' म्हणजे आपलं साधं 'तो कामात आहे'. चेंडूचा पारंपरिक खेळ चालू असेल तर 'पिलोतान आरि दिरा', पत्त्यांचा मुस रंगला असेल तर 'मुसेआन आरि दिरा'. 'यातेन'मधला शेवटचा 'न'सुद्धा मूळचा हाच: 'याते' म्हणजे खाणं, 'यातेन' म्हणजे खाण्यात. 'यातेन दुत'मध्ये ही जुनी विभक्ती झिजून गेली आणि सगळं मिळून एकच क्रियापद झालं. 'आरि'बरोबर मात्र ती अजून जिवंत आहे. म्हणून 'तू काय करतोयस?' हा प्रश्नही 'सेर्तान आरि सारा?' असा येतो. 'सेर' म्हणजे काय, 'सेर्तान' म्हणजे कशात.

हे पटलं की सर्वांत पक्का गैरसमजही सुटतो. बास्कमध्ये सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला 'क' हा प्रत्यय लागतो, आणि तो कधीच गळत नाही असं शिकणारे धरून चालतात. 'मिकेलेक सागार्रा यातेन दु', मिकेल सफरचंद खातो. 'मिकेलेक सागार्रा यान दु', मिकेलने सफरचंद खाल्लं. 'मिकेलेक सागार्रा यांगो दु', मिकेल सफरचंद खाईल. तिन्हीकडे 'क' आहे. पण क्रिया चालू असेल तर 'मिकेल सागार्रा यातेन आरि दा'. कर्त्याचा 'क' गेला, 'दु'च्या जागी अकर्मक 'दा' आलं. सफरचंदं अनेक असतील तर 'यातेन दितु' असं साहाय्यक क्रियापद बदलतं. 'आरि दा' मात्र बदलत नाही, सफरचंद एक असो की दहा.

याला पुष्कळजण लहर किंवा अपवाद म्हणतात, पण हा नियमाचा सरळ परिणाम आहे. या वाक्यात मिकेल हा 'गुंतलेला असण्या'चा कर्ता आहे, आणि ते क्रियापद अकर्मक आहे. सफरचंद हे आतल्या 'खाण्या'चं कर्म. बाहेरच्या क्रियापदाला त्याच्याशी कर्तव्य नाही. एका वाक्यात दोन वाक्यं आहेत, एवढंच. इत्सियार लाका या बास्क भाषाशास्त्रज्ञ विदुषीने 2006 मध्ये याच दिशेने सविस्तर मांडणी केली आणि भाषाशास्त्रात तिची बरीच चर्चा झाली.

मराठी वाचकाला हा भाग खरं तर परका वाटू नये. 'रामाने आंबा खाल्ला' म्हणताना आपण कर्त्याला 'ने' लावतो. 'राम आंबा खातोय' किंवा 'खात होता' म्हणताना लावत नाही. फरक इतकाच की आपल्याकडे 'ने' यायला क्रिया पुरी झालेली लागते. बास्कमध्ये 'क' सगळ्या काळांत असतो आणि मुख्यतः 'आरि'पाशी थांबतो. भूतकाळातही तसंच: 'मिकेल सागार्रा यातेन आरि सेन', मिकेल सफरचंद खात होता.

मग चालू क्रिया म्हटली की 'आरि' हवंच का? नाही. जाणं, येणं अशी मोजकी क्रियापदं अजून साहाय्यक क्रियापदाशिवाय चालतात, आणि त्यांचं एका शब्दाचं रूपच 'आत्ता' सांगतं. 'नोरा सोआस?' म्हणजे 'कुठे चाललास?' 'नोरा योआतेन सारा?' म्हणजे 'एरवी कुठे जातोस?' झोपलेल्या माणसाविषयी 'लो दागो' म्हणतात, वाट पाहणारा 'साइन नागो' म्हणतो. इथे 'एगोन', म्हणजे 'असणं, राहणं', हे क्रियापद काम करतं.

पावसाचं वाक्य वेगळंच आहे. 'एउरिया आरि दु', पाऊस पडतोय. इथे 'आरि' आहे, पण 'दा' नाही, सकर्मक 'दु' आहे. बर्फ पडत असेल तरी 'एलुर्रा आरि दु'. हवामानापुरती ही रचना अशीच रूढ आहे, आणि प्रमाण बास्कमध्येही हीच शुद्ध मानतात. बिल्बाओत एरवी पाऊस फार पडतो, हे सांगायला मात्र वेगळं क्रियापद लागतं, 'एगितेन दु'.

'आरि' न वापरणारा चुकीचं बोलतो, हा समज बोलींवर अन्याय करणारा आहे. 1968 मध्ये आरान्त्सासु इथे बास्क अकादमीच्या बैठकीत प्रमाणभाषेचा पाया घातला गेला, आणि लिहिताना 'आरि' हेच सर्वमान्य आहे. पण पश्चिमेकडे, विशेषतः बिस्काय भागात, 'इकास्तेन नाबिल' असं सहज म्हणतात. 'नाबिल' म्हणजे मूळचं 'मी हिंडतो', आणि सगळ्याचा मिळून अर्थ 'मी शिकतोय'. 'इकास्तेन नागो' हेही ऐकू येतं. त्यावर स्पॅनिशच्या अनुकरणाचा आक्षेप घेतला जातो, कारण स्पॅनिशही चालू क्रिया 'असणे' अर्थाच्या क्रियापदानेच सांगते. 'नाबिल'वर तो आक्षेप लागू होत नाही. ती तिथल्या माणसांची स्वतःची, घरातली रचना आहे, आणि तिकडे 'काय चाललंय?' हा प्रश्न 'सेर्तान साबिल्त्सा?' असाच विचारला जातो.