गाण्याचा मोबाइल : विकणाऱ्याने काय ओळखावे?

"गाण्याचा फोन दाखवा" म्हणणारे गिऱ्हाईक मोबाइलच्या दुकानात आजही येते. बहुधा ते दिवसभर हातांनी काम करणारे असते. शिंपी, जरीकाम करणारा, पॉलिशवाला. हात गुंतलेले, कान मोकळे. कुणाला कव्वाली हवी असते, कुणाला नात किंवा किराअत. (संगीत ऐकावे की नाही, हा विषय उलेमांचा आहे. या पानाचा विषय यंत्र आणि व्यापार.) अशा गिऱ्हाइकाला मोठ्याने वाजणारा कोणताही फोन देऊन चालत नाही. गाण्याचा फोन कशाने बनतो हे विकणाऱ्याला ठाऊक हवे.

सोनी कंपनीने १९७९ साली वॉकमन बाजारात आणला. तेच नाव २००५ मध्ये सोनी एरिक्सनच्या डब्ल्यू ८०० या मोबाइलला मिळाले. सोबत ५१२ एमबीचे कार्ड होते, आणि फोनचा भाग बंद ठेवून नुसती गाणी ऐकण्याची सोय होती. त्याच वर्षी मोटोरोलाने रॉकर ई १ आणला. त्यात कार्डावर जागा शिल्लक असली तरी शंभराच्या वर गाणी घेता येत नसत. नाव संगीताचे आणि अट अशी! गिऱ्हाईक नाराज झाले यात नवल नाही.

पण समजून घेण्यासारखा नमुना म्हणजे नोकियाचा ५३१० एक्सप्रेसम्युझिक. २००७ मध्ये जाहीर झालेला हा फोन फक्त ९.९ मिलिमीटर जाडीचा. फाइलमध्ये गाणे आकड्यांच्या रूपात असते. त्या आकड्यांपासून विजेची लहर तयार करावी लागते, तेव्हा इयरफोनमधून आवाज निघतो. साध्या फोनमध्ये हे काम इतर कामांबरोबर उरकले जाई. ५३१० मध्ये आवाजासाठी वेगळी चिप बसवली होती. डाव्या कडेला मागचे गाणे, चालू-बंद आणि पुढचे गाणे अशी तीन बटणे होती. फोन खिशात ठेवून नुसत्या बोटाने चाचपून गाणे बदलता येई. काम न थांबवता गाणे बदलणे म्हणजे काय सोय असते, हे कारागिरालाच विचारावे.

आमच्या मते मात्र त्याची खरी खुबी होती ३.५ मिलिमीटरचा जॅक. त्या काळी बऱ्याच फोनना कंपनीची वेगळीच पिन असे. वायर तुटली की त्याच कंपनीचा इयरफोन शोधत फिरावे लागे. साध्या जॅकमुळे बाजारातला कोणताही इयरफोन चालू लागला. गिऱ्हाइकाचे पैसे वाचले आणि छोट्या दुकानदाराला विकायला माल मिळाला.

जुना फोन घेताना किंवा विकताना आधी हा जॅकच तपासावा. पिन घालून हळू फिरवावी. एका कानातला आवाज गेला, तर आधी दुसरा इयरफोन लावून पाहावा, कारण दोष वायरचाही असू शकतो. मग जॅकमधली धूळ काढावी, आणि त्यानंतरच फोन खोलावा. पाणी गेलेला फोन वरून चकचकीत दिसतो. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा उघड करण्याची हदीस आपल्या व्यापाऱ्यांना माहीत आहेच. ती मोबाइलच्या काउंटरवरही तितकीच लागू आहे.

आता कार्डाचा हिशेब. १२८ केबीपीएसने साठवलेले पाच मिनिटांचे गाणे सुमारे पाच एमबी जागा घेते. म्हणजे २ जीबीच्या कार्डात चारशेच्या आसपास गाणी मावतात. पैसे घेऊन कार्ड भरून देण्याचा धंदा गल्लोगल्ली चालला. रोख हाती येत असे, म्हणून कुणी फार विचार केला नाही. पण मालकाच्या परवानगीशिवाय गाण्यांच्या प्रती विकणे हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने गुन्हा आहे. कलम ६३ नुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. नातची रेकॉर्डिंगही यातून सुटत नाही. शंभर रुपयांच्या कमाईसाठी दुकान धोक्यात घालायचे का, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

५३१० हे नाव २०२० मध्ये पुन्हा आले. एचएमडी कंपनीने भारतात ३,३९९ रुपयांना नवा फोन आणला. त्याला समोर दोन स्पीकर, कडेला संगीताची बटणे आणि काढता येणारी बॅटरी होती. आतली जागा मात्र फक्त १६ एमबी. त्यामुळे कार्ड घातल्याशिवाय गाण्यांसाठी त्याचा उपयोग नाही, हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे. दुसरी गोष्ट, हा टू-जी फोन आहे, त्यात जिओचे सिम चालत नाही. हातात असे नग असतील तर पैसे घेण्यापूर्वी गिऱ्हाइकाचेच सिम घालून काउंटरवर एक फोन लावून दाखवावा.