यंत्राच्या हातचा घास

‘यंत्रमानव’ हा शब्द कानी पडताच पोलादी छातीचा, लुकलुकत्या डोळ्यांचा एखादा राक्षस पुष्कळांच्या मनश्चक्षूंपुढे उभा राहतो. ‘रोबो’ हे नाव रूढ झाले ते कारेल चापेक या चेक नाटककाराच्या १९२० सालच्या नाटकामुळे. मूळ चेक शब्दाचा अर्थ मात्र वेठबिगार असा आहे. आणि वेठ म्हटली की रूपाला महत्त्व नाही. काम कोणते, एवढाच प्रश्न उरतो.

फोंडा तालुक्यातील बेतोडा गावच्या एका रोजंदारी कामगारापुढे हाच प्रश्न होता. त्याच्या मुलीला हात हलविता येत नाहीत. तिला घास भरविणारी आई अंथरुणाला खिळली, तेव्हा काम टाकून जेवणाच्या वेळी घरी धावणे बापाच्या नशिबी आले. मुलीला कुणावर अवलंबून न राहता वेळेवर जेवता यावे, हा त्या आईचा ध्यास. तांत्रिक शिक्षण नसलेल्या या गृहस्थाने दिवसाचे काम संपवून इंटरनेटवरून विद्या मिळविली आणि सुमारे चार महिन्यांत यंत्र सिद्ध केले. ताट हा त्या यंत्राचाच भाग आहे. भाजी हवी की वरणभात, हे मुलीने तोंडाने सांगायचे. यंत्र तो घास भरविते. त्याचे नाव ‘माँ रोबोट’. २०२२ साली गोवा राज्य नवनिर्मिती परिषदेने या कामगाराचा गौरव करून अर्थसाहाय्यही दिले.

जपानमध्ये सेकॉम कंपनीने असे भरविणारे यंत्र २००२ साली बाजारात आणले होते. तथापि जपानी भात चिकट. आपला वरणभात पातळ कालवला तर चमच्यातून ओघळायचा! अशा यंत्रात शब्द ओळखणे ही अर्धीच बाजू. चमचा ओठांपाशी थांबला पाहिजे, मान वळली तर मोटरने जोर करता कामा नये, आणि मागील घास गिळून होईपर्यंत पुढचा येता कामा नये. आईच्या हाताला हे न शिकविता कळते. यंत्राला प्रत्येक गोष्ट सांगावी लागते.

गोवा शासनाच्या २०२१ सालच्या योजनेमुळे कोडिंग व रोबोटिक्स हे विषय आता शाळांतून शिकविले जातात. पेडणे आणि डिचोली येथील विद्यार्थ्यांना प्रश्न शोधण्यासाठी दूर जायला नको. परसातला माड पुरे. माडावर चढणारे पाडेली दुर्मीळ झाले आहेत आणि पडण्याचा धोका तर नित्याचाच. अमृता विश्व विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘अमरन’ नावाचे यंत्र केले आहे. ते खोडाला कड्यासारखे वेढून चाकांवर वर चढते. त्याच्या हाताला घोस कापणारे पाते असते आणि माणूस ते जमिनीवरून चालवितो.

परंतु खोड वर निमुळते होते, पावसात शेवाळते, आणि समुद्रकाठचा माड तर कमरेतच वाकलेला. कड्याची पकड प्रत्येक हाताला बदलावी लागते. शिवाय बॅटरी संपून यंत्र शेंड्यालाच अडकले, तर ते उतरविण्यासाठी पाडेलीच्याच दारी जाणे आले! म्हणून निम्मी वीज शिल्लक असतानाच खाली परतण्याची आज्ञा त्यात आधी घालावी लागेल. नारळ कापण्याची त्यानंतर.